हेड गॅस्केट परत परत का उडतंय?

प्रश्न: दादा, मी खानापूरचा. टर्बो डिझेल जीपचा बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचं प्रेशर) वाढवून घेतला, तेव्हापासून दोनदा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील) गेलं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत. आता कुठलं गॅस्केट घालू?

उत्तर: भाऊ, गॅस्केट नंतर, आधी ते का गेलं ते बघा. बूस्ट वाढला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, ते हेडला वर ढकलतं, बोल्ट किंचित ताणतात आणि तेवढ्या फटीतनं गॅस पाण्यात शिरतो. म्हणून जुने ताणलेले बोल्ट परत वापरूच नका, जमलं तर चांगले स्टड (ब्लॉकमध्ये बसवून वरून नट आवळायचे आटेवाले दांडे) घाला.

हेड आणि ब्लॉक दोन्हीवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. बऱ्याच इंजिनांना 0.05 मिमीच्या आसपासच वाकडेपणाची सूट असते, जास्त असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत नेऊन फेसिंग (मशीनवर सपाट करणं) करून घ्या, पण हाताच्या ग्राइंडरने घासू देऊ नका कुणाला, खड्डे पडतात आणि स्टीलच्या मल्टिलेयर (अनेक थरांच्या) गॅस्केटला तर आरशासारखी फिनिश लागते. डिझेलला पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजूनच गॅस्केटची जाडी ठरवायची, हे बरेच जण विसरतात.

बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करा, आत तेल राहिलं तर टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) खोटा येतो, कधी ब्लॉकच तडकतो. टॉर्क मधल्या बोल्टपासून बाहेरच्यांकडे, टप्प्याटप्प्याने. कॉपर गॅस्केट आणि ओ-रिंग (सिलिंडरभोवती बसवायची तारेची रिंग) रेसच्या गाडीला ठीक, रोजच्या जीपला पाणी गळायचा ताप होतो बघा.

आणि बूस्ट थोडा कमी करा, खरंच.