विचारा की! : आजोबांची तीन धुराड्यांची बोट

प्रश्न : मी ठाण्यात चरईत राहते. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मुंबई गोदीत कामाला होते, रोज लोकलने जायचे. ते सांगायचे की ग्रीसची एक लढाऊ बोट तिकडे असायची, तीन धुराड्यांची, कोळशावर चालणारी, आधी धूर दिसायचा मग बोट. आम्ही पोरं हसायचो, ग्रीस कुठे आणि मुंबई कुठे! परवा माळ्यावरच्या ट्रंकेत एक फोटो सापडला, मागे पेन्सिलीने ‘ग्रीक बोट, १९४२’. खरंच होती का अशी बोट? की आपल्या जुन्या विमानवाहू विक्रांतसारखी तीही भंगारात गेली?

उत्तर : ताई, आजोबांच्या फोटोपुढे आधी एक उदबत्ती लावा, कारण ते अगदी खरं सांगत होते! बोटीचं नाव ‘गिओर्गिओस अवेरोफ’, १९४१ च्या ऑगस्टपासून १९४२ संपत येईपर्यंत ती मुंबईला तळ ठेवून हिंदी महासागरात जहाजांच्या काफिल्यांची राखण करत होती. तेव्हा ती तीस वर्षांची म्हातारी, म्हणजे लढाऊ बोटीच्या हिशेबात पणजीच, आणि कोळसा जाळत असल्यामुळे धुराचंही खरंच. आत भट्टीपाशी आगवाल्यांचं मुंबईच्या मे महिन्यात काय होत असेल, कल्पनाही नको.

ही चिलखती क्रूझर, म्हणजे बॅटलशिपपेक्षा हलकी नि वेगवान, पण कमरेभोवती सुमारे २०० मिलिमीटर जाड पोलादाचा पट्टा. इटलीत लिव्होर्नोला बांधली, १९१० मध्ये पाण्यात उतरवली, तोफा इंग्लंडच्या, बॉयलर फ्रेंच, सगळं कडबोळंच! इटलीच्या नौदलाने पैसे नाहीत म्हणून ऑर्डर सोडली आणि ग्रीसने उचलली. किमतीचा जवळपास तिसरा हिस्सा इजिप्तमध्ये श्रीमंत झालेल्या अवेरोफ नावाच्या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून आला म्हणून त्याचं नाव. १८९६ च्या ऑलिम्पिकचं स्टेडियम दुरुस्त करायलाही ह्याच गृहस्थाने पैसे दिले होते.

पहिल्याच सफरीत तमाशा, १९११ मध्ये इंग्लंडला राजाच्या राज्याभिषेकाच्या नौदल संचलनाला गेली, तिथे खलाशांना ब्लू चीज दिलं, ते त्यांना बुरशी लागलेलं वाटलं आणि बंड झालं असं सांगतात, वर प्लिमथला बोट उथळ पाण्यात तळाला टेकली ती वेगळीच. कॅप्टन बदलला आणि कुंडुरिओटिस आले.

आणि ह्याच बोटीने पुढच्या वर्षी इतिहास घडवला. डिसेंबर १९१२, ग्रीस आणि त्याच्या शेजाऱ्यांचं तुर्कस्तानशी बाल्कन युद्ध चालू होतं, दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडाशी तुर्की आरमार बाहेर आलं. बरोबरच्या तीन जुन्या ग्रीक बोटी धापा टाकत होत्या, कुंडुरिओटिसनी झेड निशाण चढवलं म्हणजे ‘मी माझ्या मर्जीने लढणार’, आणि ताशी २० सागरी मैलांनी एकटेच पुढे घुसले, तुर्की रांगेच्या तोंडावरून आडवे गेले, तुर्कांना परत सामुद्रधुनीत पळावं लागलं. जानेवारी १९१३ मध्ये लेम्नोस बेटापाशी पुन्हा तेच. खरं तर इंग्लंडच्या ड्रेडनॉट आणि बॅटलक्रूझर ह्या मोठ्या तोफांच्या नव्या बोटींमुळे हा चिलखती क्रूझरचा प्रकार तोवर जुना झाला होता, पण एजियन समुद्रात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं, वासरात लंगडी गाय शहाणी! ग्रीक लोक तिला ‘नशीबवान जॉर्जकाका’ म्हणायला लागले.

आता मुंबईत कशी आली ते. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन ग्रीसमध्ये घुसले, बोट बुडवून टाका असा हुकूम आला, खलाशांनी तो धुडकावला आणि क्रीटमार्गे अलेक्झांड्रिया गाठली, तिथून इकडे. ऑक्टोबर १९४४ मध्ये परदेशात गेलेलं ग्रीक सरकार हिच्यावरूनच घरी परतलं, १९५२ मध्ये ती निवृत्त झाली.

भंगारात मात्र नाही गेली! बरीच वर्षं पोरोस बेटापाशी बांधून ठेवली होती, १९८४ पासून अथेन्सजवळ फालिरोला म्युझियम म्हणून उभी आहे, जगात शिल्लक असलेली एकमेव चिलखती क्रूझर. विक्रांतचं काय झालं ते आपण बघितलंच, २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखाना भागातल्या जहाजतोडणी यार्डात तोडायला घेतली आणि तिच्या पोलादाची मोटरसायकल निघाली, माझ्या शेजाऱ्याकडे होती एक, मला तिच्यावर बसवत नसे.

फोटोचं एक करा, भिंग घेऊन बघा. धुराडी तीन हवीत, आणि पुढची डोलकाठी एकच खांब नसून तिवईसारखी तीन पायांची हवी, कारण १९२५ ते २७ मध्ये फ्रान्सला दुरुस्ती झाली तेव्हा ती तशी बसवली. जुळलं तर आम्हाला कॉपी पाठवा, मूळ फोटो पोस्टाने अजिबात नको.