गोल लेबलांच्या टेम्प्लेटमधली वर्तुळं छापून येतात; ती कशी लपवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्यात घरी कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारा रस) आणि सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं लोणचं करून विकता. बरणीच्या झाकणावर चिकटवायची गोल लेबलं वर्डमध्ये टेम्प्लेट घेऊन बनवलीत. छापल्यावर टेम्प्लेटमधली वर्तुळंही कागदावर उतरली. कुणाच्या सांगण्यावरून ऑप्शन्समध्ये जाऊन चित्रं छापणं बंद केलंत, तर वर्तुळांबरोबर शाकाहाराचा हिरवा ठिपकाही गेला.

म्हापशात माझं डीटीपीचं दुकान आहे. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवणीच्या खरेदीचे दिवस जवळ आले की नेमकी हीच अडचण घेऊन घरगुती माल करणारे हमखास येतात. तुम्हाला सांगितलेला उपाय खोटा नाही, पण तुमच्या कामाचा नाही.

आधी ही वर्तुळं छापली का जातात ते बघा. चौकोनी लेबलांचा टेम्प्लेट म्हणजे बहुतेक वेळा बॉर्डर नसलेलं टेबल असतं. त्याच्या ज्या तुटक रेषा स्क्रीनवर दिसतात त्या ग्रिडलाइन्स. टेबलाच्या लेआउट टॅबमधल्या 'व्ह्यू ग्रिडलाइन्स'ने त्या दाखवता किंवा लपवता येतात, कागदावर मात्र कधीच येत नाहीत. गोल लेबलाचा काठ टेबलाच्या घराने दाखवता येत नाही, म्हणून टेम्प्लेट करणारा तिथे 'ओव्हल' काढून ठेवतो. वर्डच्या लेखी तो ओव्हल आणि तुम्ही काढलेला ठिपका यांत काहीच फरक नाही. दोन्ही आकृत्या, दोन्ही छापायच्या.

म्हणूनच फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथली 'प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड' ही खूण काढली की सगळ्या आकृत्या एकदम जातात. टेक्स्ट बॉक्सही त्यातच मोजले जातात. तुमचा १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक टेक्स्ट बॉक्समध्ये असेल तर तोही गेला म्हणून समजा. शिवाय ही खूण त्या एका फाइलपुरती नसते, ती अख्ख्या वर्डला लागू होते. पुढे कधीतरी मुलाच्या प्रकल्पातली आकृती छापली गेली नाही की घरातले सगळे प्रिंटरला शिव्या घालत बसतात. तेव्हा ती खूण आधी परत लावून टाका.

तुम्हाला हवी आहे ती 'सिलेक्शन पेन' नावाची बाजूची पट्टी. होम टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट' आहे, त्यात सापडेल. नाहीतर ऑल्ट आणि एफ१० एकत्र दाबा. उजवीकडे त्या पानावरच्या सगळ्या आकृत्यांची यादी उघडते, 'ओव्हल १२', 'ओव्हल १३' अशा नावांची. प्रत्येक नावासमोर डोळ्याचं चिन्ह असतं. डोळा मिटला की ती आकृती स्क्रीनवरूनही जाते आणि कागदावरूनही. पुन्हा क्लिक केलं की परत येते. 'हाइड ऑल'च्या मोहात पडू नका, ठिपका त्यातही जाईल. त्याऐवजी कंट्रोल दाबून फक्त वर्तुळं निवडा, राइट क्लिक करून ग्रुप करा आणि यादीतल्या त्या ग्रुपच्या नावावर क्लिक करून 'काठ' असं काहीतरी नाव द्या. मग पुढच्या वेळी एकच डोळा मिटायचा.

एखाद्या आकृतीचा डोळा मिटत नसेल तर ती बहुधा 'इन लाइन विथ टेक्स्ट' असते, म्हणजे अक्षरासारखी ओळीत बसलेली. तिचं रॅप टेक्स्ट बदलून 'बिहाइंड टेक्स्ट' करा.

वर्तुळं यादीत दिसतच नाहीत आणि माउसने धरताही येत नाहीत, असं झालं तर ती हेडरमध्ये आहेत. पुष्कळ टेम्प्लेटमध्ये ती मुद्दाम तिथे ठेवतात, मजकूर लिहिताना चुकून हलू नयेत म्हणून. हेडरमधली गोष्ट स्क्रीनवर फिकट दिसते, त्यामुळे ती छापतानाही फिकटच येईल किंवा येणारच नाही असा समज होतो. प्रत्यक्षात ती पूर्ण रंगात येते. पानाच्या वरच्या मोकळ्या पट्टीवर डबल क्लिक करून हेडरमध्ये शिरा आणि मग सिलेक्शन पेन बघा.

हे सगळं लागू पडतं ते मजकूर वर्तुळाच्या बाहेर, म्हणजे टेबलात किंवा वेगळ्या बॉक्समध्ये असेल तर. तुम्ही वर्तुळाच्या आतच क्लिक करून 'कोकम सरबत' टाइप केलं असेल, तर डोळा मिटल्यावर सरबतही गायब. अशा वेळी वर्तुळ लपवू नका, त्याची फक्त रेघ काढा: सगळी वर्तुळं निवडून शेप फॉरमॅटमध्ये शेप आउटलाइन, 'नो आउटलाइन'. आतला रंग नको असेल तर शेप फिल, 'नो फिल'. रेघेला पांढरा रंग देणारेही मी पाहिलेत. पांढऱ्या लेबलावर ते खपून जातं, पण मागे कोकमाचा लाल रंग भरलात की तीच रेघ पांढरी कडी होऊन बसते.

ठिपक्याचा विषय निघालाच आहे तर तेही. सरबताला आणि आगळाला हिरव्या चौकटीत भरीव हिरवं वर्तुळ, आणि सुंगटांच्या लोणच्याला तपकिरी चौकटीत भरीव तपकिरी त्रिकोण. चौकटीची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट लागते आणि छोट्या बरणीवरही व्यास ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. चौकट आणि आतली आकृती यांचा वेगळा ग्रुप करा, साइझमध्ये 'लॉक ॲस्पेक्ट रेशो'ला खूण लावा. नाहीतर लेबल लहान-मोठं करताना वर्तुळाचं अंडं होतं.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी: प्रिंटच्या खिडकीतल्या रायटर टॅबवर चित्रं आणि इतर आकृत्या छापायच्या की नाही याची खूण आहे. पण तीही वर्डमधल्या त्या खुणेसारखीच, सरसकट. तुम्हाला ठिपका हवा असल्यामुळे तिथेही रेघ काढून टाकणं बरं.

आता, वर्तुळं घाईने लपवू नका. पहिली प्रत वर्तुळांसकट साध्या कागदावर काढा, लेबलच्या शीटवर ठेवा आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरा. कुठे दोन मिलिमीटर सरकलं आहे ते लगेच दिसतं. सगळीकडे सारखंच सरकलं असेल तर पेज मार्जिन तेवढं बदला. वर बरोबर आणि खाली जाता जाता चुकत गेलं असेल तर स्केलिंगची भानगड आहे. परदेशी कंपनीचा टेम्प्लेट बहुतेकदा अमेरिकन लेटर कागदाचा असतो, २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर, आपला ए४ २१० बाय २९७. वर्ड गुपचूप एकाचं दुसऱ्यात बसवतं. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, प्रिंट इथे ए४ आणि लेटर कागदानुसार मजकूर लहान-मोठा करण्याची खूण आहे, ती काढा. तेवढ्याने वर्तुळं जागेवर येणार नाहीत. लेटरचा टेम्प्लेट ए४ शीटवर जुळवत बसण्यापेक्षा शीटच्या पाकिटावरची मापं बघून ए४चाच टेम्प्लेट घ्या.

सगळं जुळलं की मग डोळा मिटा, प्रिंट प्रिव्ह्यूत ठिपका आहे ना ते बघा आणि खऱ्या शीटवर छापा. बाहेरच्या दुकानात छापणार असाल तर वर्डची फाइल नेऊ नका. तिथे तुमचा मराठी फॉन्ट नसला की ओळी सरकतात. वर्तुळं लपवून पीडीएफ करा, लपवलेलं त्यातही येत नाही, आणि छापणाऱ्याला 'फिट' नको, 'ॲक्च्युअल साइज' असं बजावून सांगा. शीट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या, विशेषतः जूननंतर. आपल्याकडच्या दमट हवेत तिच्या कडा वळतात आणि मग ती प्रिंटरमध्ये अडकते.