हाताने घडवलेल्या बोवी सुऱ्याची कारागिरी कशी ओळखावी?

तुम्ही विचारलंय की ह्यूस्टनच्या एका प्रदर्शनात १० इंची पात्याचा दमास्कस (थरांच्या नक्षीच्या पोलादाचा) बोवी, म्हणजे मोठा अमेरिकन सुरा, ९०० डॉलरला मिळतोय, नक्षी अप्रतिम आहे, तर कारागिरीही तशीच असेल असं समजावं का आणि किंमत योग्य आहे का.

असं समजू नका. नक्षीवरून फक्त दोन जातींचं पोलाद थराथराने जोडलंय एवढं कळतं. सुरा कसा झालाय ते नक्षी सांगत नाही, उलट बरंच झाकते. नक्षीवर सुरा पारखणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

तुमच्या वर्णनाशी बराच जुळणारा एक सुरा माझ्याकडे तपासायला आला होता. २५० मिमीचं पातं, ट्विस्ट (पीळ दिलेली) नक्षी, पितळी गार्ड (पातं आणि मूठ यांमधली आडवी पट्टी), शिंगाची मूठ. मालकाचं म्हणणं, इतकी नक्षी काढणारा माणूस बाकीच्या कामात कमी पडेलच कसा? तो सुरा भागाभागाने सांगतो, कारण तुम्हीही याच क्रमाने बघायचं आहे.

आधी प्लंज लाइन, म्हणजे रिकासो (गार्डलगतचा, धार न काढलेला जाड भाग) संपून जिथे धारेकडचा उतार सुरू होतो ती रेघ. धार वर करून, टोक समोर धरून बघितलं की डावी आणि उजवी रेघ धारेवर एकाच ठिकाणी यायला हवी. इथे डावी दीड मिलिमीटर पुढे होती. ग्राइंडरवर प्रत्येकाला एक बाजू सोपी आणि एक अवघड जाते. अवघड बाजू बेल्टवर उरकली आणि शेवटी फाइल गाइड (पात्याला आवळायचा, कानशीला रेघ दाखवणारा साचा) लावून कानशीने जुळवली नाही की हा फरक राहतो. शिवाय तिथे बेल्टच्या कडेने खोल खाच पडली होती. प्लंजच्या तळाला छोटी गोलाई हवी. टोकदार खाच असली तर पातं वाकताना सगळा ताण तिथेच जमतो आणि तडा तिथूनच जातो.

मग उताराची सपाटी. साध्या पोलादाचं पातं ट्यूबलाइटखाली आडवं धरून हळूहळू फिरवा. दिव्याची रेघ सलग सरकली तर उतार सपाट आहे, मधेच लचकली किंवा तुटली तर तिथे खळगा. दमास्कसवर ही चाचणी जवळजवळ निकामी होते, कारण फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलेलं पातं चमकत नाही. वाकडातिकडा उतार, राहिलेले ओरखडे, सगळं नक्षीत लपतं. या सुऱ्यावर पोलादी पट्टी उभी टेकवली आणि मागून उजेड धरला तेव्हा तीन ठिकाणी फट दिसली.

पाठीची जाडी व्हर्नियरने मोजली: गार्डपाशी ६.२ मिमी, क्लिप (टोकाजवळ पाठीला दिलेला काप) सुरू होते तिथे ५.९. म्हणजे पातं टोकाकडे निमुळतं केलंच नव्हतं. घडवलेल्या बोवीत गार्डपाशी ६ असेल तर क्लिपच्या सुरुवातीला ४ ते ४.५ आणि टोकाजवळ २-३ मिमीपर्यंत यायला हवं. ऐरणीवर घडवायचा फायदाच तो. तसं नसेल तर पट्टीतून कापलेल्या पात्यापेक्षा घडवलेलं वेगळं काय? याचा परिणाम लगेच हाताला कळतो. सुरा ६१० ग्रॅमचा आणि तोल गार्डच्या ५५ मिमी पुढे. १० इंची पात्याला ४०० ते ५०० ग्रॅम वजन आणि गार्डपुढे १० ते ३० मिमीवर तोल, असा सुरा दिवसभर हातात राहतो. हा मनगट ओढत होता.

गार्ड आणि रिकासोच्या सांध्याइतकं खरं बोलणारं ठिकाण सुऱ्यावर दुसरं नाही. तिथे भिंग लावा. चांगल्या कामात गार्डची खाच मुद्दाम कमी मापाची पाडतात, कानशीने थोडीथोडी उघडतात आणि शेवटचे काही मिलिमीटर ठोकून बसवतात. ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत जाता कामा नये. इथे बारीक काळपट रेघ होती. सुईने टोचल्यावर पितळेच्या भुकटीत कालवलेला इपॉक्सी निघाला. दिसायला ठीक, पण इपॉक्सी पितळेइतका टिकत नाही. सांधा हलला की ओल आत जाते आणि टँग (पात्याचा मुठीत जाणारा दांडा) आतून गंजते. जुन्या पद्धतीत तिथे चांदीमिश्रित मऊ डाख देतात, तो सुमारे २२० अंश सेल्सियसला वितळतो. तेही चालतं, मात्र डाखाची रेघ केसाएवढी हवी आणि फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावायचं रसायन) पूर्ण धुतलेला हवा, नाहीतर तोच गंज आणतो.

मूठ हलत होती म्हणून मालकाच्या परवानगीने काढली. आत ४५ मिमीची टँग आणि तिला वेल्ड केलेला आटे पाडलेला रॉड. रॉड जोडणं वाईट नाही, लांब टँगच्या शेवटाला अनेक उत्तम कारागीर जोडतात. पण इथे वेल्ड गार्डच्या इतक्या जवळ होता की वार करताना सगळ्यात जास्त ताण त्याच्यावरच येणार. टँग जिथे पात्याच्या खांद्याला मिळते तो कोपराही काटकोनी कापलेला, गोलाई नाही. हे तयार सुऱ्यावर दिसत नाही. म्हणून कारागिराकडे मूठ बसवण्याआधीचे फोटो मागा. बरेच चांगले लोक ते काढून ठेवतात आणि आनंदाने दाखवतात.

आणि नक्षी? खरी होती. १०८४ आणि १५एन२० या जातींचं पोलाद असावं, निकेलमुळे १५एन२० उजळ राहतं. नक्षी पाठीवरून पलीकडे सलग जात होती. नुसती वरवर कोरलेली असती तर पाठीवर जुळली नसती. फक्त एका ठिकाणी थरांमध्ये नखाला अडकणारी काळी रेघ होती, म्हणजे तिथे जोड बसलाच नाही. जोडताना घातलेला टाकणखार आत अडकून राहिला किंवा पोलाद पुरेसं तापलं नाही की असं होतं. धारेजवळ अशी रेघ दिसली तर पुढे बघूच नका.

आता जे डोळ्याला दिसतच नाही ते, म्हणजे पाणी देणं. १०८४ साधारण ८१५ अंशांवरून तेलात आणि मग २०० ते २३० अंशांना दोन-दोन तास दोनदा टेंपर (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा तापवणं), हा नेहमीचा क्रम. धारेला ५७ ते ६० रॉकवेल (कडकपणाचं माप) हवं. कारागिराला विचारा: पोलाद कोणतं, तापमान मोजलं कसं, तेल कोणतं, टेंपर किती. "लोहचुंबक चिकटेनासं झालं की बुडवतो" हे उत्तर १०८४ला कसंबसं चालेल, ५२१०० जातीच्या पोलादाला चालणार नाही, त्याला नेमकं तापमान आणि त्या तापमानावर थांबणं लागतं. सुरा तुमचा झाल्यावर पितळी रॉडची चाचणी करा. ६ मिमीचा रॉड व्हाइसमध्ये आडवा धरा, धार तिरकी टेकवून दाबत सरकवा. धार किंचित लवून परत सरळ झाली तर उत्तम. लवलेली तशीच राहिली तर मऊ, कपची उडाली तर टेंपर कमी. रिकासोवर कानस घासून कडकपणाचा निष्कर्ष काढू नका. धारेलाच कडक केलेल्या सुऱ्यात तो भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो.

नक्षीवाल्यांना एवढंच विचारा. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी १९७६ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी बिल मोरान यांनीच १९७३मध्ये दमास्कस सुरे दाखवून अमेरिकेत हे वेड पुन्हा आणलं. त्याच संस्थेच्या जर्नीमन (मास्टरच्या आधीच्या पातळीच्या) परीक्षेत चाचणीचं पातं साध्या कार्बन पोलादाचंच का लागतं? एका वारात लोंबता १ इंची दोर तोडायचा, दोन-बाय-चार इंचांचं लाकूड दोनदा तोडायचं, त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे आणि शेवटी पातं ९० अंशांत वाकवायचं. दमास्कस मास्टर परीक्षेत येतो, किमान ३०० थरांचा. म्हणजे आधी सुरा करून दाखवा, नक्षी नंतर. माझं मत याहून कडक आहे: पहिला बोवी घेणाऱ्याने १०८४ किंवा ५१६० पोलादाचा, हाताने पॉलिश पेपर मारलेला साधा सुराच घ्यावा. त्यावर चूक लपायला जागा नसते. ओरखडे लांबीच्या दिशेने एकसारखे आहेत का, प्लंजपाशी हुकासारखे वळलेत का, लगेच दिसतं.

विक्रेता "अस्सल पारंपरिक आकार" म्हणाला तर त्याचे जास्त पैसे देऊ नका. ज्याच्या नावावरून हा सुरा ओळखला जातो त्या जिम बोवीने १८२७च्या सँडबार झटापटीत वापरलेला सुरा नेमका कसा होता यावर आजही एकमत नाही. त्याचा भाऊ रेझिन याने १८३८ साली लिहिलेल्या पत्रातलं वर्णन ९.२५ इंच लांब, १.५ इंच रुंद, एकधारी, वक्र नसलेल्या पात्याचं आहे. आज ज्याला बोवी म्हणतात तो मोठी क्लिप आणि गार्डचा आकार शेफील्डच्या कारखान्यांनी अमेरिकेत विकायला काढलेल्या मालातूनही बराच रुजला.

मुठीचा आडवा छेद अंडाकृती हवा, म्हणजे न बघताही धार कुठे आहे ते हाताला कळतं. म्यानाच्या शिवणीत आतून चामड्याची पट्टी हवी, नाहीतर धार दोरा कापते. सुरा म्यानात साठवू नका, चामडं ओल धरतं.

तीन गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. लाकूड हवेनुसार आकसतं. दमट ह्यूस्टनमधून कोरड्या अ‍ॅरिझोनाला गेलेल्या मुठीत टँगची कड नखाला लागली तर तो कारागिराचा दोष असेलच असं नाही. शिंगाची मूठ मुळातच वाकडी असते, तिच्यात सममिती शोधू नका. आणि तोल पुढे असणं हा झाडझाडोरा तोडायच्या सुऱ्यात दोष नाही, पण मग तो त्या कामासाठी बनवलाय असं विकणाऱ्याने सांगायला हवं.

९०० डॉलर जास्त की कमी? गार्डचा सांधा, प्लंज आणि पाठीचा निमुळतेपणा या तिन्हींत पास झाला आणि टँगचे फोटो मिळाले तर १० इंची दमास्कससाठी महाग नाही. यातल्या एकातही नापास झाला तर २०० लाही घेऊ नका.

तुम्ही तो पुढे नाशिकला न्यायचं म्हणताय. भारतात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा, घरगुती वा शेतीच्या कामाचा नसलेला सुरा शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. तुमचं पातं १० इंची आहे. तिकीट काढण्याआधी तिथल्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्या. आणि मूठ सांबरशिंगाची असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न वेगळा येतो, तेव्हा शिंग कोणत्या प्राण्याचं आहे हे बिलावर लिहून मागा.