सी++ मधला व्होलाटाइल फ्लॅग लॅपटॉपवर चालतो, पण एआरएम बोर्डवर अधूनमधून जुना डेटा का मिळतो?

तुमचा एक थ्रेड (प्रोग्रामचा स्वतंत्र चालणारा धागा) बफर (डेटा ठेवायची सामायिक जागा) भरून 'तयार' हा व्होलाटाइल फ्लॅग १ करतो, दुसरा १ दिसताच बफर वाचतो. हा कोड लॅपटॉपवरही चुकीचाच आहे, तिथे फक्त निभावून जातं.

सी++ मध्ये व्होलाटाइलचं बंधन कंपायलरवर असतं: हा अ‍ॅक्सेस (वाचणं किंवा लिहिणं) गाळायचा नाही आणि व्होलाटाइल अ‍ॅक्सेसचा आपसातला क्रम मोडायचा नाही. बफर साधा असल्याने त्यातलं लेखन फ्लॅगच्या पलीकडे सरकवायला कंपायलर मोकळा आहे. बफरही व्होलाटाइल केलात तरी प्रोसेसरला त्याचा पत्ता नसतो. एक्स८६ वर (इंटेल-एएमडी लॅपटॉपच्या प्रोसेसरवर) एका कोअरची लेखनं बाकीच्या कोअरना त्याच क्रमाने दिसतात. एआरएमवर ती उलटी दिसू शकतात, शिवाय वाचणारा कोअर बफर फ्लॅगच्या आधीच वाचून ठेवू शकतो. तुमचा जुना डेटा इथून येतो.

(जावाची सवय असेल तर गोंधळ साहजिक आहे, तिथे जावा ५ पासून व्होलाटाइल क्रमाचीही हमी देतं.)

फ्लॅग 'अ‍ॅटॉमिक बूल' (अनेक थ्रेडना सुरक्षितपणे वाचता-लिहिता येणारा खरे-खोटेचा प्रकार) करा. बफर साधाच राहू द्या. लिहिताना आधी बफर, मग फ्लॅगचा स्टोअर (लेखन) रिलीजने, म्हणजे आधीची लेखनं त्याच्या पुढे सरकत नाहीत. वाचताना फ्लॅगचा लोड अ‍ॅक्वायरने, मगच बफर, म्हणजे नंतरची वाचनं त्या लोडच्या (वाचनाच्या) आधी सरकत नाहीत. दोन्ही बाजू हव्यातच, एकटा रिलीज निरुपयोगी आहे. ६४-बिट एआरएमवर यातून एसटीएलआर आणि एलडीएआरसारख्या प्रोसेसरच्या सूचना निघतात. एक्स८६ वर साधा मूव्हच राहतो, म्हणजे तिथे जादा सूचनेचा खर्च नाही. रिलॅक्स्ड (क्रमाची हमी नसलेला प्रकार) इथे चालणार नाही, तो निव्वळ आकडेवारीच्या काउंटरसाठी ठीक. आणि काउंटर व्होलाटाइल ठेवून ++ करू नका: वाचणं, वाढवणं, लिहिणं या तीन पायऱ्यांमध्ये दुसरा थ्रेड घुसतो आणि वाढ हरवते. तिथे हे तिन्ही एकाच अखंड पायरीत करणारं फेच-अ‍ॅड वापरा.

दोन्ही थ्रेड आपापला फ्लॅग लावून लगेच दुसऱ्याचा वाचत असतील, तर मात्र अ‍ॅक्वायर-रिलीज पुरत नाही. स्टोअर बफरमुळे (लेखन बाकीच्यांना दिसण्याआधी थांबतं ती कोअरमधली जागा) एक्स८६ वरही दोघांना ० दिसू शकतो. तिथे डीफॉल्ट सीक्वेन्शियली कन्सिस्टंट (सर्व थ्रेडना एकसारखा दिसणारा) क्रमच ठेवा.

तपासायला बोर्डची वाट पाहू नका. जीसीसी किंवा क्लँगचा थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या चुका पकडणारं साधन) लावून लॅपटॉपवरच चालवा. दोन्ही थ्रेड खरोखर बफरपर्यंत पोचले की तो डेटा रेस (दोन थ्रेडनी एकाच जागेला समन्वयाविना हात लावणं) दाखवतो. तोच बफर पुन्हा भरणार असाल, तर वाचून झाल्याची खूणही रिलीजने द्या आणि भरणाऱ्याने ती अ‍ॅक्वायरने बघूनच पुढे जावं.