वाचकांचे प्रश्न : थॉम यॉर्कचा ‘दि इरेझर’

प्रश्न : रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा गायक थॉम यॉर्क याचा २००६ मधला ‘दि इरेझर’ हा अल्बम नुकताच ऐकला. काही समीक्षकांनी तो बँडशिवाय अपुरा वाटतो असे म्हटले होते, तरी त्याचा खप मात्र चांगला झाला. मग खरे काय मानायचे? आणि बँड तेव्हा फुटला होता का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी शेवटच्या शंकेविषयी. बँड फुटला नव्हता. हा अल्बम साथीदारांच्या संमतीनेच केल्याचे यॉर्कने तेव्हाच जाहीर केले होते आणि ‘सोलो’ हा शब्दही त्याला नको होता. त्याचे हे म्हणणे निव्वळ सौजन्यापोटी नव्हते. शीर्षकगीतातले पियानोचे स्वर बँडमधल्याच जॉनी ग्रीनवुडचे आहेत, तेच तोडून-जोडून वापरलेले. ‘ब्लॅक स्वान’ या गाण्याचा ठेकाही बँडमधले फिल सेल्वे आणि एड ओब्रायन यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेला आहे. लॅपटॉपवर साठलेल्या अशा तुकड्यांतून निर्माता नायजेल गॉड्रिच याच्या मदतीने नऊ गाणी उभी राहिली. पुढच्याच वर्षी रेडिओहेडचा ‘इन रेनबोज’ आला.

स्वागत एकूण चांगलेच झाले. खपाच्या यादीत ब्रिटनमध्ये अल्बम तिसऱ्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला, ब्रिटनच्या मर्क्युरी या संगीत पुरस्कारासाठी आणि अमेरिकेच्या ग्रॅमीसाठी त्याला नामांकनही मिळाले. तक्रार होती ती यंत्राच्या ठेक्याबद्दल : तो एकसुरी आहे आणि पाच जणांच्या वादनातली चढउतार इथे नाही. ही तक्रार मला निराधार वाटत नाही. मधली दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात, हे अल्बम आवडणाऱ्यांनीही मान्य करावे. मात्र याच काटकसरीमुळे यॉर्कचा आवाज मोकळा झाला, याची दखल पुरेशी घेतली गेली नाही. एरवी प्रतिध्वनीच्या आड लपणारा हा गायक इथे गॉड्रिचच्या आग्रहाखातर कोरड्या आवाजात, अगदी कानाशी येऊन गातो.

‘हॅरोडाउन हिल’ हे गाणे ऐकताना हे नीट लक्षात येते. इराककडील शस्त्रास्त्रांविषयीच्या सरकारी दाव्यांवरून उठलेल्या वादळात सापडलेले शस्त्रास्त्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड केली यांचा मृतदेह जुलै २००३ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या याच नावाच्या टेकडीजवळ आढळला. अधिकृत चौकशीने आत्महत्या असा निष्कर्ष काढला, तरी संशय शमला नाही. खरखरीत, घाईत धावणाऱ्या बेसवर यॉर्क गातो तेव्हा शब्दन्‌शब्द कळतो, आणि इतका संतप्त मजकूर तसाच कळायला हवा होता.

ठेक्याच्या तक्रारीला खरे उत्तर मिळाले ते २००९ मध्ये. बेसवादक फ्ली, ढोलवादक जोई वॉरोंकर, तालवादक माउरो रेफोस्को आणि गॉड्रिच यांना घेऊन यॉर्कने हीच गाणी रंगमंचावर वाजवली. पुढे ‘अ‍ॅटम्स फॉर पीस’ हे नाव घेतलेल्या या मंडळींनी यंत्राचे ठेके हातांनी वाजवून दाखवले, आणि गाण्यांची घडण मुळातच पक्की होती हे उघड झाले. ध्वनिमुद्रण आवडले नसेल, तर त्या कार्यक्रमांची चित्रणे जरूर पाहावीत.

प्रश्न : याच अल्बमच्या आवरणावर पुरासमोर उभा असलेला माणूस कोण?
– एक वाचक, पणजी

उत्तर : तो राजा कॅन्यूट, समुद्राच्या भरतीला थांबण्याचा हुकूम देणारा दंतकथेतला राजा. चित्रकार स्टॅन्ली डॉनवुड याने लिनोवर (छापण्यासाठीच्या लिनोलियमच्या तुकड्यावर) कोरलेल्या या काळ्या-पांढऱ्या चित्रात लंडन बुडताना दिसते. कॉर्नवॉलमधल्या बॉस्कॅसलला २००४ मध्ये आलेल्या पुराचा प्रभाव त्यामागे होता.