२८ दिवसांच्या निकालामागे धावण्याआधी

"किचनचं एक्स्टेंशन अर्धवट टाकून बिल्डर पळाला, सर्व्हेअर म्हणतो अ‍ॅडज्युडिकेशन करा, २८ दिवसांत निकाल." तुमचं हे वाचलं आणि पोटात गोळाच आला. (अ‍ॅडज्युडिकेशन म्हणजे कोर्टाबाहेर एका तटस्थ माणसाने, अ‍ॅडज्युडिकेटरने, दिलेला झटपट निवाडा.) सहा वर्षांपूर्वी एका ऑफिसात मलाही अगदी हेच सांगितलं होतं. (नाव घेत नाही. कॉफी मात्र छान देतात.)

मी फी भरली. बिल्डरच्या वकिलाचं चार ओळींचं पत्र आलं: मालक स्वतः राहतो त्या घराच्या कामाला इंग्लंडच्या १९९६ च्या बांधकाम कायद्यातलं अ‍ॅडज्युडिकेशन लागूच नाही, कलम १०६. खेळ खल्लास. फी गेली, चार महिने गेले, आणि ऑफिसवाले म्हणे, "आम्ही फक्त पर्याय सुचवला होता." करारातच अ‍ॅडज्युडिकेशनचं कलम असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी करार काढून वाचा. घर भाड्याने द्यायला घेतलं असेल तरी वेगळी. मी वकील नाही, आणि हे इंग्लंडपुरतंच.

या २८ दिवसांचा दबदबा वाढवला लंडनच्या टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन कोर्टाने. त्याचे न्यायाधीश म्हणजे मूळचे १८७३ च्या कायद्यातले ऑफिशियल रेफरी (तांत्रिक तंटे ऐकणारे), कोर्टाचं नवं नाव १९९८ चं. १९९९ मध्ये मॅकॉब खटल्यात न्या. डायसन यांनी ठरवलं की अ‍ॅडज्युडिकेटर चुकला असं वाटलं तरी आधी त्याचा निर्णय पाळा, भांडण नंतर. सबकॉन्ट्रॅक्टरची चांदी. तुम्हा-आम्हाला शून्य.

आपल्या कामाचं आहे ते स्कॉट शेड्यूल, स्कॉट नावाच्या अशाच एका रेफरींवरून नाव पडलेला, कामातले दोष ओळीओळीने मांडणारा तक्ता. छोट्या दाव्यासाठी त्या मोठ्या कोर्टात जायचंच नसतं, काउंटी कोर्ट (स्थानिक दिवाणी कोर्ट) पुरतं. पण तक्ता तिथेही चालतो. मी १४ पानी कैफियत लिहिली होती, बिल्डर आईशी कसा उद्धट बोलला तेसुद्धा. माझ्या वकीलबाईंनी ती बाजूला सारली आणि रकाने आखले: दोष, माझं म्हणणं, दुरुस्तीचा खर्च, त्याचं म्हणणं, आणि शेवटचा कोरा, न्यायाधीशांसाठी. "छप्पर गळतं" चालत नाही. "स्कायलाइटच्या डाव्या कोपऱ्याला फ्लॅशिंग नाही, ६४० पौंड" असं लागतं. (फ्लॅशिंग म्हणजे सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून लावलेली पट्टी.) २३ ओळी झाल्या. त्यातल्या ११ समोर बिल्डरने मुकाट "मान्य" लिहिलं.

आणि हो, काहीही दुरुस्त करण्याआधी मेजरिंग टेप धरून फोटो काढा. आमच्या सासऱ्यांनी हौसेने भिंतीतली भेग स्वतःच भरून टाकली. ओळ क्र. ७ तिथेच मेली.