छाटणीचा ढीग बघितला की थांबा: रोपांबद्दल तुमचे प्रश्न

पहिला बरा पाऊस पडला की माझ्याकडे एकच विषय येतो, झाडं फुकट किंवा कमी पैशात कुठून आणायची. यावेळी पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ठाण्यात नवीन फ्लॅट घेतलाय, हप्ते चालू आहेत. बाल्कनीत सकाळचं ऊन येतं. नर्सरीत चार कुंड्यांचे बाराशे सांगितले, तशीच परत आले. सुरुवात कुठून करू?

बरं केलंत ताई. पावसाच्या तोंडावर बऱ्याच सोसायट्यांमध्ये माळी छाटणी करतो आणि गेटजवळ फांद्यांचा ढीग पडतो, त्यात जास्वंद असते, एक्झोरा, क्रोटन, बोगनवेल असते, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं कचऱ्याच्या गाडीत जातं. मला ते बघवत नाही. माळीदादांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आनंदाने देतात.

ढिगातून पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी घ्यायची, अगदी कोवळी हिरवी नको आणि जुनं लाकूडही नको. ६ ते ८ इंच लांब. खालचा काप डोळ्याच्या (जिथून पान फुटतं त्या गाठीच्या) जरा खाली तिरका आणि वरचा काप सरळ, म्हणजे लावताना उलटी लागत नाही (उलटी लावलेली काडी जगत नाही, आणि दहा काड्या हातात असल्या की हे हमखास होतं). वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, ती दोन मोठी असतील तर अर्धी कापा. निम्मी वाळू निम्मी माती घेऊन त्यात दोन डोळे तरी पुरले जातील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. आठवड्याभरात पालवी दिसली तरी मुळं आलीत असं धरू नका, काडी स्वतःच्या साठ्यावर पानं काढते. महिना-सव्वा महिना थांबा, मग हलकंच ओढून बघा, अडली तर मुळं धरलीत. आणि पाच लावा तेव्हा दोन-तीन मिळतील, त्यामुळे एकच काडी लावून वाट बघत बसू नका.

कुंड्याही विकत घेऊ नका. तेलाचा ५ लिटरचा कॅन आडवा कापा, तळाला पाच-सहा भोकं पाडा, झाली कुंडी. पैसे उरतील ते चांगल्या शेणखतावर घाला, कारण फुकटचं रोपही वाईट मातीत मरतं. तुमच्याकडे फक्त सकाळचं ऊन आहे म्हणून जास्वंदीला फुलं जरा कमी येतील, पण पानओवा, पुदिना, गवती चहा, स्पायडर प्लांट मस्त होतील, आणि ही सगळी शेजारी मागून मिळणारी झाडं आहेत. शिवाय शेजारच्या बाल्कनीत जे जगलंय त्याला तुमचीच हवा आणि तुमचंच पाणी मिळालेलं असतं, म्हणून मी दुकानातल्या चकचकीत रोपापेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवते.

प्रश्न : मंडईतल्या भाजीपासून काय काय लावता येतं? पुदिना झाला पण कोथिंबीर येतच नाही. (नाशिक)

कोथिंबिरीचं कारण बहुतेक वेळा धण्यातच असतं. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने हलकेच दाबून धणा दुभंगायचा, भुगा नाही करायचा, रात्रभर भिजवायचा आणि मग पेरायचा. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, लोक आठव्या दिवशी कंटाळून माती उकरतात. भर उन्हाळ्यात कोथिंबीर पटकन फुलावर जाते, ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिचा खरा काळ. डब्यातले धणे जुने असतील तर वाण्याकडून नवीन आणा, दहा रुपयांचे पुष्कळ होतात.

गवती चहा घेताना पात्यांच्या बुडाशी पांढरट गड्डा असलेली जुडी बघा, ग्लासभर पाण्यात ठेवली की मुळं फुटतात. आल्याचा फुगीर डोळे असलेला तुकडा मे महिन्यात लावला तर हिवाळा संपता संपता आलं निघतं. अळकुडी पुरली की पानं येतात, पण वडीसाठी काळ्या देठाचं अळू वेगळं, त्याचा कंद कुणाच्या तरी परसातूनच मागा, नाहीतर घसा खाजेल.

टोमॅटोचं बी मात्र मंडईतल्या फळातून काढण्यात मला फार अर्थ वाटत नाही, बहुतेक हायब्रीड असतात आणि पुढच्या पिढीत काय निघेल ते सांगता येत नाही. तुम्ही नाशिकचे आहात ना, मग गिरणारे, पिंपळगावकडे शेतकऱ्यांसाठी ट्रेमध्ये रोपं करणाऱ्या नर्सऱ्या आहेत, तिथे एक रोप दोनेक रुपयांना पडतं. हजारांच्या ऑर्डरी घेतात पण ट्रेमध्ये शिल्लक राहतातच, दहा रोपं मागून बघा.

प्रश्न : मनी प्लांट चोरूनच आणावा लागतो म्हणतात, खरं आहे का? मी आणलेली दोन पानं पाण्यात महिनाभर हिरवी आहेत पण वाढत नाहीत.

अजिबात खरं नाही, मागून आणा. तुमची पानं वाढत नाहीत कारण त्यांना पेर नाही. वेलीवर जिथे पान फुटतं तिथे गाठ असते, तपकिरी बोंडासारखं मूळही दिसतं, ती गाठ काडीत आली तरच वेल होते. नुसतं पान देठासकट कितीही दिवस ठेवा, कोंब येणार नाही. आणि बाटलीतलं पाणी दर चार-पाच दिवसांनी बदलून बाटली आतून घासा, डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात.

प्रश्न : साताऱ्याकडे गावी दोन गुंठे मोकळे आहेत. हापूसच्या कोयी टाकल्या तर चालेल? आणि कासला फिरायला जातो तेव्हा तिथली फुलझाडं आणून लावू का?

कोयीतून झाड येईल, पण फळ हापूसचं येईलच असं नाही आणि ते कळायलाही बरीच वर्षं जातील. आंब्याला पैसे खर्च करा. कृषी विद्यापीठांच्या नर्सऱ्या आहेत, दापोली, राहुरी, तिथून जातिवंत कलम घ्या, रस्त्यावरच्या टेम्पोतून नको. शेवग्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटी फांदी खोचली की लागते. केळीची मुनवं, म्हणजे बुडाशी फुटलेली पिल्लं, शेजारच्या शेतातून मिळतात, तलवारीसारखी अरुंद पानं असलेलं निवडा. पपईची एका खड्ड्यात तीन रोपं लावा, फुलं आल्यावर नर कोणता ते कळतं, मग जादाचे नर काढा. चिंच, जांभूळ, कडुलिंब, करंज हवे असतील तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा, पावसाळ्यात सवलतीच्या दरात देतात. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी रोपं फुकटही वाटतात.

कासचं मात्र एकही रोप उपटू नका, कळकळीने सांगते. २०१२ पासून ते जागतिक वारसा स्थळांत आहे, आणि तिथली झाडं खडकावरच्या बोटभर मातीत, ठराविक पावसात जगतात. आमरीला (ऑर्किडला) तर मुळांशी बुरशीची सोबत लागते. कुंडीत ती मरतेच आणि पठारावरची जागाही रिकामी होते. त्यापेक्षा जुन्या भिंतीत उगवलेला वड-पिंपळ, जो तसाही कुणीतरी तोडणारच असतो, तो पावसात भिंत ओली असताना मुळासकट काढून आणा, बोन्सायला छान.

प्रश्न : न्यू जर्सीला राहतो. पुण्याच्या घरचा कढीपत्ता बॅगेतून आणू का?

नका आणू, एअरपोर्टवर काढून घेतील. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्याच्यावरच्या एका किडीमुळे संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागतो, म्हणून तिकडे कडक नियम आहेत. तुमच्याच राज्यात एखाद्या भारतीय घरी मोठी कुंडी असेल, बुडाशी मुळातून फुटलेली पिल्लं असतात, ती मागा. किंवा त्या झाडाची पिकलेली काळी फळं घ्या, गर धुऊन काढा आणि बी लगेच, त्याच आठवड्यात पेरा, वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. थंडी लागली की कुंडी घरात उन्हाच्या खिडकीत घ्या, पानं गळली तरी फेकू नका, पाणी कमी करा आणि एप्रिल-मेपर्यंत थांबा.